जीनवालीचं चौथं कडवं

अन्याय झाला तो मलकापूरच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणाऱ्या एका बाईवर. केव्हा, तेही नेमकं सांगतो: पंधरा एप्रिल, जयंतीचा दुसरा दिवस, सोमवार, उन्हं कलल्यावर, संग्रामपूरच्या मांडवात. कोणी केला हे आम्ही पत्रकं काढणारे शेवटी सांगतो, म्हणजे वाचणारा शेवटपर्यंत थांबतो. आज तेवढा दम नाही. मीच केला.

ती आमच्या वस्तीतली. मी तिला मावशी म्हणतो. अक्षरओळख नाही, पण गाणी रचते, आणि चाली सगळ्या सिनेमाच्या. सिनेमा मात्र तिनं एकही पाहिलेला नाही. बाजाराच्या मैदानात तंबूतली टॉकीज आली की खेळाआधी भोंग्यावर रेकॉर्डी लागतात. त्या जीनच्या आवारात ऐकू येतात. दोन दिवसांत चाल तिच्या गळ्यात बसते आणि आठवड्याच्या आत त्या चालीत आमची वस्ती येते. अशाच एका लाडिक चालीवर तिनं विहिरीचं गाणं बसवलं. आपलं पाणी आपल्या हातानं ओढायचं, कोणी वरून ओतून देईल म्हणून ओंजळ धरून बसायचं नाही. मी तीन वर्षं पत्रकांतून जे ओरडत होतो ते तिनं कापूस निवडता निवडता गुणगुणून टाकलं. मला हेवा वाटला. लिहिणाऱ्यानं एवढं तरी कबूल करावं.

‘मावशी, तुमची गाणी छापू,’ मी म्हणालो.

‘छाप नं. मले कुठं वाचता येते! मी सांगतो, तू लिवजो.’

आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. मावशीनं नाव घातलं नव्हतं, काम घातलं होतं. जीनवाली.

पुस्तिका सोळा पानांची ठरली होती. छापखान्यात खिळे जुळवणारा म्हातारा कंपोझिटर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, ‘चार ओळी जास्त होऊन राह्यल्या. मागच्या पानावर तुमच्या मागण्या नऊ आहेत. एखादी कमी करता काय?’

मागणी कमी करायची? माझी? मी म्हणालो, ‘विहिरीच्या गाण्याचं शेवटचं कडवं काढा. त्यात मुद्दा काही नाही, नुसती सही आहे.’

‘बाईले इचारलं का?’

‘विचारतो,’ म्हणालो. विचारलं नाही. मुखपृष्ठावर ‘संपादक’ म्हणून माझं नाव मात्र ठळक आलं.

पुस्तिका गावोगाव गेली. संग्रामपूरच्या मांडवात दुसऱ्या गावच्या गायनपार्टीनं विहिरीचं गाणं म्हटलं, पुस्तकाबरहुकूम तीन कडव्यांचं. मग मावशीला उभं केलं. तिनंही तेच गाणं उचललं. ती चौथ्या कडव्यावर आली तसा त्या पार्टीचा पेटीवाला उठला.

‘ओ बाई! दुसऱ्याच्या गाण्याले आपलं शेपूट काऊन जोडून राह्यल्या? हे पाहा पुस्तक. कुठं आहे यात तुमची जीनवाली?’

मांडव हसला. मी माईक ओढून घेतला. ‘गाणं यांचंच आहे. छापखान्याची चूक झाली.’

‘हाव का? अन् चूक नेमकी नावावरच झाली?’

पुन्हा हसले. मावशी गाणं अर्धवट सोडून खाली बसली. छापखान्याची चूक! त्या म्हाताऱ्यानं तर विचारलं होतं.

परतीच्या एसटीत मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘तुह्या मागण्या किती होत्या बे?’

‘नऊ.’

‘पुऱ्या किती झाल्या?’

‘एकही नाही.’

‘माही एकच होती.’

तेव्हा कुठं मी ते कडवं मनाशी नीट म्हणून पाहिलं.

कापसाच्या धुळीमंदी दीस माहा गेला,
खोकल्यानं गळा माहा तरी नाही मेला;
आपल्या हातानं आज ओढलं हे पाणी,
पुसलं कोणी तर सांगा, जीनवालीची वाणी.

पुसलं कोणी तर सांगा. आणि मी म्हणालो होतो, यात मुद्दा नाही.

नंतर दुरुस्तीची चिठ्ठी छापून वाटली. ज्याच्या हातात दिली त्यानं विचारलं, ‘आता कायचा मोर्चा?’ आणि घडी करून खिशात घातली. छापलेली चूक घरोघर पोचते. तिची दुरुस्ती खिशातच राहते, धुण्यात जाते. मी दोनदा छापली, तिसऱ्यांदा छापायचं बळ राहिलं नाही. मावशी तेव्हापासून मांडवात गात नाही. ‘चोट्टी म्हणतात,’ म्हणते.

परवा वडनेर भोलजीला सभा होती. माणसं आली नाहीत. सतरंजी गुंडाळून ठेवली आणि संध्याकाळच्या खेळाला तंबूत जाऊन बसलो. नेमका त्या चालीचाच सिनेमा निघाला. पडद्यावर नायिका कारंज्याभोवती गिरक्या घेत होती. मुखडा सुरू झाला आणि माझ्या मागे जमिनीवर बसलेली माणसं गाऊ लागली, मावशीच्या शब्दांत. ती कारंज्याचं पाणी उडवते आहे आणि हे विहिरीचं ओढताहेत! इतकं लिहिलं, पण माझं एक वाक्य असं कोणाच्या तोंडी बसलेलं मी ऐकलं नव्हतं. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं. मग पडद्यावर चौथं सुरू झालं आणि तंबू गप्प झाला. कोणालाच शब्द माहीत नव्हते. नायिका एकटीच गात राहिली.

शेजारच्याला विचारलं, ‘हे विहिरीचं गाणं कोणाचं हो?’

‘ते? त्या मलकापूरच्या पत्रकवाल्याचं.’

तो मला ओळखत नव्हता. मी त्याला खरं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडं पाहू लागला.

आता मागणी, आणि ही तुमच्याकडं आहे. ती पुस्तिका घरात असेल तर काढा. विहिरीच्या गाण्याखाली जागा नाही, हे मला माहीत आहे. मागच्या पानावर माझ्या नऊ मागण्या आहेत, त्यांच्यावर आडवं लिहा. वर दिलेल्या चौथ्या कडव्याच्या चार ओळी, जशाच्या तशा. मग मोठ्यानं म्हणा, घरातल्यांना म्हणायला लावा. आणि पुढच्या जयंतीला तिसऱ्या कडव्यानंतर पेटी थांबली, तरी तुम्ही थांबू नका.