कडी लावलेली खोली

आमच्या लातूरच्या क्लासमध्ये एकाही दाराला आतून कडी नव्हती. साहेबरावमामा शिपाई म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात पेचकस घेऊन त्यांनी सगळ्या कड्या काढून टाकल्या. शिकवता शिकवता दार आपोआप उघडायचं आणि रस्त्यावरच्या ऑटोंचा कालवा आत यायचा. "रुद्राणी मॅडम, वीट लावून ठिवतो की," एवढंच म्हणायचे. मी गणित शिकवणारी, तोंडाची फटकळ. रोज भांडायचे त्यांच्याशी.

मामा किल्लारीकडचे. भूकंपात बायको गेली, नागुबाई, एवढं ठाऊक होतं. आमच्याकडे अशी घरं इतकी, की पुढचं कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

एकदा एका पोरीनं विचारलं, "मॅडम, चौथी मिती असली तर तिथल्या प्राण्याला आपण कसे दिसू?" मी फळ्यावर चौकोन काढला, आत एक टिंब. म्हटलं, हा चपटा माणूस. फळ्याच्या बाहेरही जागा असते हे त्याच्या गावीच नाही. या चार रेघा म्हणजे त्याच्या भिंती, आत तो पार बंद. पण आपण समोर उभे. आपल्याला भिंतीही दिसतात आणि आतला माणूसही. एकही रेघ न पुसता मी थेट त्याच्यावर बोट ठेवते, बघा. आपल्याहून एक दिशा जास्त असलेल्या कुणाला आपल्या बंद खोल्या अशाच उघड्या दिसतील.

पोरं खूश. मी म्हटलं, "परीक्षेला येत नाही हे. चला पुढं."

मामा खडू घेऊन दारात उभे होते. नंतर त्यांनी सगळा फळा पुसला, तो चौकोन तेवढा ठेवला. मग मला विचारलं, "मॅडम, त्याला ढिगाऱ्याखालचं बी दिसंल का?"

"असलं कुणी नसतं हो मामा. पुसा तो फळा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. "काय हो, सीईटीला बसायचंय का तुम्हाला?" बाजूचे दोघं सर खो खो हसले. मीही हसले. ते हसू आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मामांनी खडू उचलला. पूर्वी गवंडीकाम केलेलं, हात सरळ. फळ्यावर त्यांनी आपलं घर काढलं. हे दार, ही बाज, ही मागची खोली.

"म्या रेणापूरला कामावर हुतो. दुपारी पोचलो तर गाव सपाट. जवानांनी इचारलं, कुठं निजायची? म्या म्हणलो, हितं, दारापाशी, बाजंवर. दोन दिस समदे हितंच उकरत राहिले. तिसऱ्या दिवशी हितं घावली, मागच्या खोलीत. धा हातावर. अंग गरम हुतं, मॅडम."

मी फळ्याजवळ सरकले.

"मीच सांगितलं हुतं तिला. मी गावाला गेलो की मागच्या खोलीत कडी लावून निजत जा. मीच सांगितलं, अन् मीच इसरलो." मग हळूच म्हणाले, "त्याला दिसली असती का?"

"हो मामा," मी म्हटलं. "दिसली असती."

"म्हंजे जागा उघडीच हुती. मलाच बघता आलं न्हाई."

त्यांनी मागच्या खोलीवर बोट ठेवलं. सरळ, समोरून. मधे एकही भिंत आली नाही. कितीतरी वेळ बोट तिथंच होतं.

तेवढ्यात चारच्या बॅचची पोरं दारात गर्दी करू लागली. मामांनी डस्टर उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तुमीच पुसा. माझ्यानं व्हत न्हाई."

मी पुसलं. घड्याळ बघत पुसलं. शेजारची खोली पाच वाजेपर्यंत रिकामी होती; पोरांना तिथं बसवता आलं असतं.