फी भरली कोणी

सुला सिस्टर कुणाच्या तोंडी लागत नाही, असं येलदरीच्या आसपास लोक म्हणायचे. खरं तर तिला तोंडी लागावंच लागत नसे. बाळंतिणीला उशिरा आणणारा नवरा असो की नातवाला लस टोचू न देणारी आजी, सुलाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली की निम्मं काम व्हायचं. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून तिची उमर गेली होती. फक्त घरात शिरताना हा दरारा चपलांबरोबर बाहेर राहायचा.

घरात सिद्धोधन गुरुजी होते, तिचे यजमान, जिंतूरच्या एका खाजगी शाळेत मास्तर. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, हात उगारणं नाही. पण घरातली कुठलीही चांगली गोष्ट "मी केली" म्हणायची त्यांना भारी हौस. त्यांचा पगार घराच्या कर्जाला आणि भावाच्या संसाराला जायचा. लेक शुभदा नांदेडला फार्मसीला होती. तिची फी पहिल्या वर्षापासून सुलाबाईच्या खात्यातून जायची. यावर दोघांचा कधी वाद झाला नाही, आणि वाद नव्हता म्हणून हे कधी कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं.

यंदा एप्रिलात जयंतीला बुद्धविहारात गुरुजींचा सत्कार झाला. लेकीला शिकवणारा बाप म्हणून शाल मिळाली. माईक हातात आल्यावर गुरुजी फुलले. "पोटाला चिमटा घेतला, पण पोरीची फी चुकू दिली न्हाई," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. बायकांच्या रांगेत बसलेल्या सुलाबाईनंही वाजवल्या. तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाईनं तिच्या कानाला लागून विचारलं, "सिस्टर, मग तुमचा पगार कुठं जातो वो?"

भाषण सुलाबाईनं गिळलं असतं. हा प्रश्न काही गिळता येईना. आपल्या मेहनतीचं नाव दुसऱ्याच्या अंगावर चढलं याचं तिला दुःख झालंच, पण त्याहून जास्त संताप आला.

जुलैत आयकराची रिटर्नं भरायचे दिवस आले. दरसाल गुरुजी दोघांचे कागद एका पिशवीत घालून जिंतूरच्या दत्तरावांकडे देऊन यायचे. निम्म्या तालुक्यातल्या नोकरदारांची रिटर्नं दत्तराव भरायचे. नवरा-बायको दोघंही नोकरीला असले की पोरांच्या फीची वजावट नवऱ्याच्या रिटर्नमध्ये टाकायची, असा त्यांच्याकडचा दस्तूर. तो कुणी ठरवला नव्हता आणि कुणी त्याला हटकलंही नव्हतं. बायकांच्या आयकर खात्याला मोबाईल नंबरसुद्धा नवऱ्याचाच जोडलेला. यंदा मात्र सुलाबाईनं रजा टाकली, पिशवी उचलली आणि स्वतःच दत्तरावांच्या दारात जाऊन उभी राहिली.

दुकानात सहा-सात जण नंबर लावून बसले होते. एवढ्या लोकांसमोर तिनं सांगितलं, "यंदा शुभदाची फी माझ्या रिटर्नमधी दाखवा."

दत्तराव हसले. "वैनी, घर तर एकच हाय ना? खामखा इकडचं तिकडं कशाला?"

"घर एक हाय, पगार दोन हायत. फी माझ्या खात्यातून गेली. कायदा काय म्हणतो, तेवढं सांगा."

दत्तराव जाणता माणूस. खोटं बोलले नाहीत. "आईबापातल्या ज्यानं भरली, त्यानं दाखवायची. पण सरांनी फेब्रुवारीतच शाळेत लिहून दिलंय, फी मी भरली म्हणून. पावतीची झेरॉक्स जोडलीय. त्या हिशोबानं त्यांचा टॅक्स कमी कापलाय. आता तुमी दाखवली तर त्यांना फरक भरावा लागंल."

"भरू द्या."

बसलेल्यांपैकी कुणीतरी खोकलं. दत्तरावांनी मुकाट्यानं तिचं खातं उघडायला घेतलं, पण जुना पासवर्ड चालेना. नवा करायला गेले, तर ओटीपी गेला थेट गुरुजींच्या मोबाईलवर. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला आणि दहा मिनिटांत ते स्वतःच आले. शाळा काय, पलीकडच्याच गल्लीत.

"काय चालवलंयस तू हे?" आवाज दाबून त्यांनी विचारलं.

"माझं रिटर्न भरायलेय. ओटीपी सांगा."

गुरुजींनी मोबाईल खिशात घातला. "घरी बोलू."

आपलंच खातं, आपलाच पगार, आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात! सुलाबाईचं पित्त खवळलं. पण दवाखान्यातल्या बाईला ओरडून काही होत नाही हे ठाऊक असतं. ती दत्तरावांकडे वळली. "दुसरी वाट न्हाई का?"

"आधारवरून होतं. आधारला नंबर कोणाचा हाय?"

"माझा. केंद्रावरच्या हजेरीसाठी जोडलाय."

गुरुजी काही बोलायच्या आत तिच्याच मोबाईलवर आकडे आले. तिनं ते खणखणीत वाचून दाखवले. खातं उघडलं. तिनं आधी त्यातला गुरुजींचा नंबर काढून आपला घालायला लावला, मग फी. वसतिगृह, परीक्षा सगळं वगळून वजावटीला चालणारं फक्त शिकवणी शुल्क दत्तरावांनी तिच्या नावापुढं भरलं. रिटर्न गेलं.

गुरुजी दारातच उभे होते. "अगं, लोक काय म्हणतील? इज्जत हाय मला चार माणसांत."

"मला न्हाई का?" सुलाबाई म्हणाली. "मागचं मागं गेलं. पण तीच फी दोघांनी दाखवली तर तुमचीच चोरी धरतील. बसा इथं. तुमचंबी भरून घ्या."

गुरुजी बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. दत्तरावांनी त्यांचा कागद पुढं ओढला, चष्मा वर केला आणि सवयीनं विचारलं, "सर, शिकवणी शुल्क काढू ना तुमच्यातनं? मग भरली कोणी म्हणायची?"

गुरुजी खाली बघत पुटपुटले, "हिनं."

सुलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "मागच्यांना ऐकू गेलं नसंल," ती म्हणाली. "परत सांगा."

गुरुजींनी मान वर केली, बसलेल्या माणसांकडं पाहिलं, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीची फी तिच्या आईनं भरली. पहिल्यापासून तीच भरायलीय."