एका माणसाला पाच ग्रॅम

मिरजेत वडिलांच्या मेडिकल दुकानात मी दहा वर्षं काउंटरला उभी होते. तिथले सांगण्यासारखे किस्से किती? दोन! त्यातला एक कुत्र्याच्या औषधाचा, आणि तो नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, इतक्या जणांना सांगितलाय की तो आता माझा राहिलेलाच नाही. टिलबर्गच्या दुकानात मात्र मला जेमतेम तीन वर्षं होतायत आणि कुणाकडे जेवायला गेलं की ताटं वाढायच्या आधी सुरू होतं, "मेधा, तो सुकटीचा सांग ना!"

दुकान म्हणजे कॉफी शॉप. नेदरलँड्समध्ये कॉफी प्यायची असेल तर कॅफेत जायचं. कॉफी शॉप म्हणजे गांजाचं दुकान. परवाना असलेलं, वस्तीतलं, शेजारी बेकरी आणि समोर चष्म्याचं दुकान. टिलबर्गमध्ये आता मालसुद्धा सरकारमान्य शेतांतूनच येतो. सीलबंद पाकीट, वर लेबल, टक्केवारी, बॅच नंबर. गिऱ्हाइकाला अठरा पूर्ण पाहिजेत, ओळखपत्र पाहिजे, आणि एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅम. वर एक काडी नाही.

चुकून कॉफी मागायला येणाऱ्या टुरिस्टांचे किस्से मी सांगत नाही. ते रोजचेच आहेत.

*

मी तिथे पोचले कशी, ते आधी. आम्ही राहतो टिलबर्गजवळच्या बेस्ट गावात. नितीन तिथल्याच एका कंपनीत इंजिनीयर. मी आले डिपेंडंट म्हणून, बी.फार्म.ची डिग्री फाइलमध्ये घालून. ती डिग्री इथे चालवायची तर पुन्हा परीक्षा, पुन्हा इंटर्नशिप. दोन वर्षं डच शिकले आणि दिसेल तिथे अर्ज टाकत गेले. एका जाहिरातीत होतं, 'काउंटरला माणूस पाहिजे. डच, इंग्रजी, शांत डोकं.' दुकान कसलं, ते लिहिलेलंच नव्हतं! मी आत शिरले तेव्हा वासावरून कळलं.

मालक विम. साठीचा, उंच, आधी सायकलींचं दुकान चालवायचा. दुपारी ब्रेड-चीज खातो आणि ग्लासभर ताक पितो.

"अनुभव?" त्याने विचारलं.

"दहा वर्षं. लेबल वाचणं, एक्सपायरी बघणं, आणि चिठ्ठी नसेल तर लोकांना नाही म्हणणं."

"नाही म्हणणं जमतं?"

"मिरजेत ओळखीच्या माणसाला नाही म्हणायची. इथे तर माझ्या ओळखीचं कुणीच नाही."

तो हसला. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "स्वतः घेतेस का?"

"मी चहासुद्धा दोनदाच घेते."

"सोमवारपासून ये," विम म्हणाला. "आधीच्या तिघांना माल फार आवडायचा!"

*

पहिल्याच महिन्यात एक मराठी मुलगा आला. मराठी आहे हे मला चालण्यावरून कळलं. दार उघडायच्या आधी त्याने तीनदा मागे वळून बघितलं. काउंटरला आला, वर बघतो तर समोर मी. टिकली, मंगळसूत्र, कार्डिगन.

"सॉरी काकू!" तो चक्क मराठीत म्हणाला. "एटीएम शोधत होतो."

"बाहेर पडून डावीकडे," मी म्हटलं.

वीस मिनिटांनी तोच परत. आता डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, आणि इंग्रजी असं की जणू जन्म लंडनचा. मी पण अगदी गंभीरपणे इंग्रजीतच ओळखपत्र मागितलं. पासपोर्ट दिला. नाव अक्षय, जन्मस्थान इचलकरंजी.

मला राहवेना. "इचलकरंजीत कुठे रे?"

त्याने गॉगल काढला. "काकू, प्लीज."

नियमात बसत होतं ते मी दिलं, पत्रक आत घातलं, आणि पहिल्यांदा घेतोयस तर थोडंच घे, सायकल चालवू नकोस, असं दोन वाक्यांत सांगितलं. तो मान खाली घालून "हो काकू, हो काकू" करत गेला. पुढच्या गुढीपाडव्याला बेस्टच्या मराठी मंडळात तो समोर आला, सोबत भारतातून आलेली आई! त्याचा चेहरा पांढराफटक.

"आई, या मेधाकाकू. आमची ओळख... म्युनिसिपालिटीत झाली. पत्ता नोंदवायच्या रांगेत."

आईने माझा हात हातात घेतला. "बरं झालं हो. परमुलखात पोराला घरचं वाटेल असं कुणीतरी भेटलं!"

*

आता सुकटीचा. एकदा सासूबाईंनी सांगलीहून सुकट पाठवली होती. मी रविवारी कांदा-टोमॅटो घालून केली आणि सोमवारी डब्यात नेली. दुपारी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, दीड मिनिट.

दुकानात तेव्हा पाच गिऱ्हाइकं होती. रोजची. वर्षानुवर्षं त्या धुरात, त्या वासात बसलेली माणसं! त्यातला एक दाढीवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हा कसला वास?" दुसऱ्याने खिडकी उघडली. तिसऱ्याला वाटलं गटार तुंबलं. चौघं बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले, थंडीत.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई रस्ता ओलांडून आली. ती आमच्यावर कायमच नाराज. गांजाच्या वासाबद्दल तिने विमला दोनदा पत्र लिहिलेलं. दारात उभी राहून म्हणाली, "विम, तुझा नेहमीचा वास परत आण. मी पत्रं मागे घेते!"

त्या दिवशी मायक्रोवेव्हवर विमच्या हस्ताक्षरात कागद लागला, तो अजून आहे. 'मासे नकोत. बाकी सगळं चालेल.'

*

आमची इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. तिच्यापासून मी काम लपवलं नव्हतं. औषधासारखी गोष्ट आहे, मोठ्यांसाठी आहे, मुलांसाठी नाही, एवढं सांगितलेलं.

एके दिवशी शाळेतून बाईंचा फोन. "इराबद्दल थोडं बोलायचं होतं. तुमच्या कामाशी संबंधित आहे." रात्रभर मी नितीनला वाक्यं म्हणून दाखवत होते. सगळं कायदेशीर आहे, परवाना आहे, पोरीला कशाचाही स्पर्श नाही. नितीन म्हणाला, "तू बचाव पक्षाच्या वकिलासारखी बोलतेयस. तुझ्यावर खटला आहे हे आधी कळू दे तरी."

दुसऱ्या दिवशी गेले. छोट्या खुर्चीत बसवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुम्ही काय काम करता त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर्गातल्या रंगीत पेन्सिलींच्या कपाटाची जबाबदारी मी इराकडे दिली होती."

"बरं?"

"ती आता सगळ्यांकडे ओळखपत्र मागते. आणि एका मुलाला दिवसाला पाचच पेन्सिली देते!"

*

मंडळात मी 'कॉफी शॉपमध्ये आहे' एवढंच सांगायची. खोटं काही नव्हतं. बायका इथे जुन्या. कळायचं त्यांना कळलं असणार असं मी धरून चालले होते. पण मंडळाच्या सेक्रेटरी नीलिमाताई अगदी सरळ मनाच्या. गणपतीच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या, "कॉफीचं मेधाकडे देऊ. तिचं शॉपच आहे."

नाही म्हणायचा पगार घेणारी मी, तिथे मात्र हो म्हणून बसले. विमला सांगितलं तर तो खूश! दुकानातलं मोठं कॉफीचं मशीन त्याने स्वतः गाडीत घातलं आणि आरतीच्या वेळी हॉलमध्ये आणून लावलं. त्याच्या अंगात जॅकेट, जॅकेटवर दुकानाचं नाव.

नाव नितीनच्या ऑफिसातल्या कुलकर्णींनी वाचलं. फोनवर शोधलं. पाच मिनिटांत हॉलमध्ये कुजबुज फिरली. तोवर शंभरेक कप संपलेले!

पहिले कुलकर्णीच बसले. "मला जरा हलकं वाटतंय." मग कुणाची तरी जीभ जड झाली. नीलिमाताईंना हसू फुटलं ते थांबेना. तबलजीचा ठेका चुकला, तर सगळे त्याच्याकडे दयेने बघायला लागले. माझ्याशी उद्यापासून कुणी बोलेल की नाही, हेच डोक्यात.

मी विमला बाजूला घेतलं आणि काय चाललंय ते सांगितलं. तो आधी समजलाच नाही. मग मशीनमागून रिकामं पाकीट काढून सगळ्यांसमोर उंच धरलं. "डिकॅफ!" तो म्हणाला. "संध्याकाळी लोकांची झोप जाऊ नये म्हणून!"

कुलकर्णी हळूच उठून प्रसाद वाटायला लागले.

त्या रात्री मला वाटलं, संपलं, आता मंडळात तोंड दाखवायची सोय नाही. सोमवारी सकाळी फोन वाजला. मंडळातल्याच एक बाई, आवाज एकदम खाली. "मेधा, गुडघ्यासाठी काही असतं का गं तुमच्याकडे?" दुपारी दुसरीचा. मंगळवारी तिसरीचा, कंबर. तिघींनाही मी एकच सांगितलं, आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा.

तिसरी चिडलीच. "तो पॅरासिटामॉल देतो म्हणून तर तुला विचारतेय!"

*

आणि जाधवकाका.

हे निवृत्त फौजदार, सातारा जिल्ह्यातले. मुलगी दुकानाच्या मागच्या गल्लीत राहते, तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेले. एका सकाळी दार उघडून आत आले, हात मागे बांधून, आणि काउंटरसमोर उभे राहिले.

"मालक कोण?" मराठीत. मी मराठी असेन हे त्यांनी गृहीतच धरलेलं!

विमला भाषा कळली नाही, पण सूर कळला. आमच्याकडे तपासणीला माणसं न सांगता येतात. तो ताठ उभा राहिला. मी सांगायला गेले तर मला गप्प बसवून फाइल घेऊन आला. काकांनी चष्मा लावला, बोटाला थुंकी लावत एकेक पान उलटलं. डचचं अक्षर येत नाही! शिक्का दिसला तिथे थांबून मान डोलावली. कपाटं बघितली, सीलं बघितली.

"सगळं कायद्यात आहे," फाइल परत देत म्हणाले. "पण ते आग विझवायचं नळकांडं दाराआड काय करतंय? पुढं घ्या."

विमने ते लगेच पुढे घेतलं. काका गेल्यावर मी खरं काय ते सांगितलं. विमने नळकांड्याकडे बघितलं. "राहू दे तिथेच," म्हणाला. "त्यांचं बरोबर आहे."

मग काका रोज यायला लागले. नातीला शाळेत सोडायचं आणि आमच्या दारातल्या बाकावर बसायचं. विम घाबरला, टुरिस्ट व्हिसावरचा माणूस, काम करतोय असं कुणाला वाटलं तर? मी काकांना सांगितलं.

"मी कुठं काम करतोय? मी बसलोय."

एकदा दोन पोरी मोठ्या बहिणींची कार्डं घेऊन आल्या. दारापर्यंत पोचल्या, आणि काकांनी बाकावरून नुसतं "अंहं" केलं. दोघी जागच्या जागी वळल्या! विम म्हणाला, दाराचा कॅमेरा इतकी वर्षं आहे, त्याला हे कधी जमलं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी काका बाकावर बसले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे राहिले. दोघे पुढे होते, ते होईपर्यंत थांबले.

"बोला काका."

"एक पाकीट द्या. कमीतलं कमी."

"काका, विमानात नेता येणार नाही. तिकडे उतरल्यावर तर..."

"मला सांगताय?" ते म्हणाले.

मी पाकीट काढायला वळले. तर काका म्हणाले, "ओळखपत्र मागा की."

मी मागितलं. त्यांनी पासपोर्ट ठेवला, मी जन्मतारीख बघितली, सगळं रीतसर. पाकीट दिलं. त्यांनी लेबल वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सीलवरून अंगठा फिरवला.

"पावती देता न्हवं?"

पावती दिली.

"हिच्यावर नाव टाका."

"नाव लागत नाही, काका."

"टाका. भिवा रामा खरात. राहणार माळवाडी."

मी पेन घेतलं. पावतीच्या खालच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं. "कोण हे?"

"माझ्या हद्दीतले. परसात याचीच दोन झाडं होती. पाला वाटून गुडघ्याला बांधायचे." त्यांनी पावती लांब धरून वाचली. "पंचनामा मी केलेला."

पावतीची घडी घालून त्यांनी वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. पाकीट बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"काका, विकलेला माल मला परत घेता येत नाही. नियम आहे."

"मग नियमात जे असंल ते करा," म्हणाले, आणि हात मागे बांधून बाहेर पडले.

विम आतून आला. काउंटरवरच्या पाकिटाकडे बघून म्हणाला, "विसरले का?"

"नाही," मी म्हटलं.