रेघेच्या अलीकडे

शर्यत जिथे संपते त्या मैदानाला स्वतःचा असा एक गंध असतो. सोललेल्या संत्र्यांचा, पोटऱ्यांवर फवारलेल्या औषधाचा, दवाने ओलावलेल्या मातीचा आणि असंख्य माणसांच्या घामाचा मिळून झालेला तो उग्र, संमिश्र, आणि मला अतिशय प्रिय असलेला गंध! आमच्याकडे ही शर्यत थंडीत असते. त्यामुळे सकाळच्या वाऱ्यावर कुठल्यातरी गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचा गोडवाही त्यात येऊन मिसळतो. तुम्ही म्हणाल, घामाच्या वासाचं कसलं आलंय कौतुक? ठीक आहे. एकदा उचगावच्या बाजूने, उसाच्या ट्रॅक्टरांचा धुरळा खात अर्धी मॅरेथॉन धावून या, आणि मग आपण बोलू.

यंदा गुडघ्याने साफ नकार दिला म्हणून मी धावले नाही. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पन्नाशीनंतर धावायला लागलेली आणि धावण्याविषयी बोलायला लागली की थांबता थांबत नाही अशी मी बाई. मला घरी बसवणं संयोजन समितीलाही परवडणारं नव्हतं. "मॅडम, औंदा फिनिशचं मैदान तुमच्याकडं," असं त्यांनी जाहीर करून टाकलं आणि मीही ते राज्य मिळाल्यागत स्वीकारलं. खरं सांगू? हे काम माझ्याइतकं कुणालाच जमलं नसतं. ही मैदानं सजवणारी बहुतेक मंडळी स्वतः कधी धावलेली नसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ असतं, हार असतात, प्रमुख पाहुण्यांचा सोफा असतो. मी मात्र शर्यतीच्या शेवटच्या कमानीतून इतक्या वेळा लटपटत बाहेर पडले आहे, की तिथून पुढे काय हवंसं वाटतं ते माझ्या पायांनाच पाठ आहे.

काय हवं असतं हो, धावून आलेल्या माणसाला? पाणी हवं असतं, पण घट्ट झाकणाच्या बाटलीतलं नको! बोटांतलं त्राण गेलेलं असतं; ते झाकण फिरवता फिरवता भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. म्हणून आम्ही पेले भरूनच ठेवले. टेकायला हवं असतं, पण सतरंजी नको, कारण खाली बसलेला माणूस दुसऱ्याचा हात धरल्यावाचून उठत नाही. शिवाय आल्या आल्या बसणंही बरं नाही, म्हणून कमानीपुढे रमतगमत चालता येईल अशी थोडी सावलीची वाट हवी. ताक हवं, मीठ घातलेलं लिंबूपाणी हवं. आणि या ताकावरून बैठकीत काय रणकंदन माजलं म्हणता! एक गृहस्थ मिसळीवर अडून बसले. "पावणं लांबनं येणार, आन् कोल्हापुरातनं ताक पिऊन जाणार व्हय? आब्रू हाय का न्हाय आपली?" भावनेच्या बाजूने मुद्दा बिनतोड होता. पण ढवळून निघालेल्या पोटात झणझणीत कट ओतलात तर पाहुणा पुन्हा या गावाचं नाव काढणार नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. अखेर मिसळ द्यायची, पण उशिरा आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, यावर तह झाला.

"कितवा नंबर आला?" हा प्रश्न कमानीपाशी कुणीही विचारायचा नाही, अशी तंबीही मी स्वयंसेवकांना देऊन ठेवली होती. अहो, पहिला येणारा एकच असतो. बाकीचे आपले नुसते पोहोचतात. पण पोहोचणं ही काय क्षुल्लक गोष्ट आहे? ज्या क्षणी पाय कमानीखालची ती रेघ ओलांडतात, त्या क्षणी शरीराचं आणि मनाचं चाललेलं प्रदीर्घ भांडण एकाएकी मिटतं आणि माणसाच्या भोवती एक निर्मळ, निःशब्द अवकाश तयार होतो. त्या अवकाशात ध्वनिक्षेपकाने घुसू नये, भाषणाने तर नाहीच नाही! यावं ते फक्त आपल्या माणसाने. आई असेल, नवरा असेल, शेजारीण असेल; त्या धूसर गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला की गळून गेलेल्या देहात किती जीव येतो, हे मी अनुभवलं आहे. दरवर्षी ही माणसं लोखंडी कठड्यांमागे टाचा उंचावून ताटकळत असतात, ते मला कधीच पटलं नाही. म्हणून यंदा शेवटच्या टप्प्यातले कठडे मी काढायला लावले. "मॅडम, गर्दी आवरंल का?" असं एकाने विचारलंही. आपलीच तर माणसं आहेत, असं सांगून मी त्याला गप्प केलं.

यंदा माझंही एक माणूस त्या रस्त्यावर होतं. सारिका, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. घर शिरोळकडचं, नोकरी वारणानगरला. कामावर जाण्याआधी उसाच्या फडांमधल्या रस्त्याने ती रोज एकटीच धावते. गेल्या वर्षी याच शर्यतीत, कमान डोळ्यांसमोर दिसत असताना, ती कोसळली. वर चढलेलं ऊन, रिकामं पोट आणि हट्टी स्वभाव, दुसरं काय! तिला स्ट्रेचरवर घालून मैदानात आणलं, सलाईन लावलं, आणि कुणा दयाळू मुलीने तिच्या गळ्यात पदकही घातलं. भानावर आल्यावर तिने ते काढून माझ्या हातात दिलं. "मावशी, हे माझं न्हाय. मी आलोच न्हाय, मला आणलंय," एवढंच म्हणाली आणि कनातीकडे तोंड करून रडली. मलाही रडू आवरेना. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला होता. "नंबर नको, टायमिंग नको. औंदा ती रेघ माझ्या पायानं वलांडायची. बास!"

तिच्या गावाने मात्र या गोष्टीचा वेगळाच अर्थ लावला. आपल्या पोरीला परक्यांनी उचलून आणलं, हे तिच्या थोरल्या चुलत्यांच्या, आबांच्या, मनाला फार लागलं होतं. सोबत घरचं कुणी नव्हतं म्हणूनच असं झालं, हा त्यांचा ठाम निष्कर्ष! मग काय, यंदा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून अख्खी गल्ली आली. शेजारचे रहीमचाचा ट्रॅक्टर चालवायला, चुलत्या डोक्यावर पदर घेऊन, पोरं हलगी घेऊन, आणि आबा गुलालाची पिशवी घेऊन. मोकळ्या केलेल्या त्या रस्त्याच्या दुतर्फा ही सगळी मंडळी उभी राहिली, तेव्हा माझा ऊर अभिमानाने भरून आला. हे असंच असायला हवं, असं मी स्वतःला चारचारदा सांगितलं.

आणि ती वळणावर दिसली. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले, पण पावलं एका लयीत पडत होती. गेल्या वर्षी जिथे पडली ती जागा तिने मागे टाकली. मी कमानीखाली उभी होते, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिची नजर खाली, त्या रेघेवर खिळलेली होती. "आली! आली रं आपली पोरगी!" आबा गरजले. आता आमच्या कोल्हापूरकरांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेलच. निवडणूक असो, कुस्ती असो, दहावीचा निकाल असो, जिंकलेला माणूस जमिनीवर राहिलेला त्यांना बघवत नाही! हलगी कडाडली, गुलाल उधळला, आणि रेघ हाकेच्या अंतरावर असताना त्या सगळ्यांनी धावत जाऊन सारिकाला खांद्यावर उचलून घेतलं.

"खाली! आबा, खाली सोडा मला!" ती किंचाळत होती. हलगीच्या त्या कल्लोळात कुणाला ऐकू येणार? मी शिट्टी फुंकून फुंकून दमले. ती रडत होती, आणि त्यांना वाटलं पोरगी आनंदाने रडते आहे. तशीच, खांद्यावरून, त्यांनी तिला कमानीखालून पार नेलं. वेळ टिपणाऱ्या चटईनेही इमानेइतबारे पीक् केलं.

अखेर तिने हातपाय झाडून स्वतःला खाली घसरवलं. "काय झालं पोरी? आलीस की तू!" आबांनी हसत तिच्या कपाळाला लावायला गुलालाची मूठ पुढे केली. "न्हाय आलो, आबा! औंदाबी उचलूनच आणलंसा मला!" असं म्हणून ती वळली आणि येणाऱ्या धावपटूंच्या उलट दिशेने, रस्त्याच्या कडेकडेने, मागे चालू लागली. जिथून तिला उचललं होतं तिथवर. आबांचा हात तसाच अधांतरी राहिला. मी पुढे झाले. "पावणं, तिला तिच्या पायानं येऊ द्या," एवढंच मी त्यांना म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ बोलले, पण माझं एखादं वाक्य इतक्या खोलवर जाताना मी क्वचितच पाहिलं असेल. त्या धिप्पाड, रांगड्या माणसाचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी गुलालाची मूठ मिटली, दुसरा हात वर केला, आणि हलगी थांबली. "सरका मागं! वाट सोडा! कोन तिला हात लावायचा न्हाय!" आपल्याच माणसांना ते दोन्ही बाजूंना रेटू लागले. पदर तोंडाशी धरून चुलत्या मागे सरकल्या. ध्वनिक्षेपकावरचा निवेदकसुद्धा, काय उमजलं कोण जाणे, गप्प झाला.

त्या शांततेत मला पहिल्यांदाच धावणाऱ्यांच्या पावलांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. थप्, थप्, थप्. इतकी वर्षं तो माझ्याच पायांतून निघत होता, पण उभं राहून असा कधी ऐकलाच नव्हता. मी पाण्याचा विचार केला, सावलीचा केला, ताकाचा केला, आपल्या माणसांचाही केला. पण ही सारी व्यवस्था रेघेच्या पलीकडची होती. रेघेच्या अलीकडे एक छोटासा रस्ता असतो, आणि तो ज्याचा त्याने एकट्याने संपवायचा असतो. प्रेम करणाऱ्याने त्या वेळी करायचं काय? बाजूला उभं राहायचं! सांगायला किती सोपं, आणि आबांसारख्या माणसाला किती कठीण! ते दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून उभे होते.

सारिका आली. एक पाय किंचित ओढत, पण धावतच आली. तिने रेघ ओलांडली, चटई पुन्हा वाजली, आणि तरीही कुणी जागचं हललं नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. आबा हळूच जवळ गेले आणि हातभर अंतरावर थांबले. "आता हात लावू का गं?" त्या भल्यामोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तिने मान वर केली. नाक वाहत होतं, केसांत गुलाल होता, आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. "आता उचला की, आबा!" ती म्हणाली.

गल्लीच्या गल्ली धावून गेली. मीही माझ्या गुडघ्याला न विचारता त्यांच्यात घुसले आणि हाताला लागला तो तिचा एक बूट धरून वर रेटला. तो घामाने चिंब भिजलेला आणि चांगलाच गरम होता.