राव्नावहिनीच्या गाडीखालचे ओंडके

राव्नावहिनीने बर्फावर पळणारी पहिली स्नोमोबाईल घेतली तीही वापरलेली, आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मिक्कलदादाला, चिडवायला आयतंच कोलीत मिळालं. सीटला ठिगळ, काचेला तडा; तो तिला 'भंगार'च म्हणायचा. दादाची स्वतःची नवीकोरी. तिला कुणाला बोट लावू देईल तर शपथ.

वहिनी मात्र जुन्या गाडीला जिवापाड जपायची. रोज संध्याकाळी तिचा मागचा भाग बर्चच्या ओंडक्यांवर चढवायची, काठीने तळाच्या रबरी पट्ट्यातलं बर्फ झोडून काढायची. ओला पट्टा जमिनीवर तसाच सोडला तर रात्रीतून गोठून बसतो, हे नॉर्वेच्या उत्तरेला आमच्या कौटोकेइनोत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी दादा म्हणायचाच, "निजवलंस ना बाळाला? आता अंगाईही म्हण."

मार्चमध्ये वादळ झालं. दादा तळ्यापलीकडे रेनडियरच्या कळपापाशी होता. वादळ शमलं तरी तो आला नाही. फोनही लागेना. दुपारी वहिनीने कॉफीचा थर्मास आणि दोर गाडीवर बांधला. ती चालू करायची दोरी ओढत होती आणि मी मनात म्हणत होते, बये, आज तेवढी चाल. गाडी खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. मी मागे बसले.

तळ्यावर बर्फाच्या थराखाली पाणी साचलेलं. दादाच्या गाडीचा माग त्यातूनच गेला होता. वहिनीने काठाकाठाने लांबचा वळसा घेतला. वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने.

पलीकडच्या काठावर कळपाजवळच्या खोपीच्या धुराड्यातून धूर दिसला आणि मला रडूच फुटलं. दादा बाहेर गुडघ्यांवर बसून कुऱ्हाडीने आपल्या गाडीखालचं बर्फ फोडत होता. पाण्यातून आणली आणि वादळाच्या घाईत तशीच सोडली, म्हणे. फोन थंडीने मेलेला.

वहिनी गाडीवरून उतरली. "जिवंत आहेस ना? मग बास," म्हणाली आणि बर्फातच बसली. दादाही शेजारी बसला. दोघांनी थर्मासमधली कॉफी संपवली.

पट्टा सुटला तो फाटूनच. मग काय, भंगाराने नवीकोरीला दोर लावून घरी ओढत आणलं.

अंगणात दादाने बूट काढायच्या आधी ओंडके आणले आणि पहिल्यांदा वहिनीच्या गाडीखाली सरकवले.

"अंगाई राहिली," वहिनी म्हणाली.

आणि दादाने खरंच म्हटली. भसाड्या आवाजात, काठीने पट्टा झोडता झोडता, अगदी शेवटपर्यंत.