जर्मन जेऊर आणि आमचं बाकडं

ऐकणारे कमी झाले की किस्से साठायला लागतात. पूर्वी आमच्याकडे शिल्लक काही राहायचं नाही. दिवसा जे घडलं ते संध्याकाळी बाकड्यावर खर्च व्हायचं. आता घडतं कमी, आणि जे घडून गेलंय तेच डोक्यात फिरत बसतं. म्हणून लिहून काढतोय. सगळं नीट आठवतंय याची खात्री नाही. चुकलो तर दुरुस्त करायला आता एकटे तात्या उरलेत, आणि त्यांना फोनवर ऐकू येत नाही!

बाकडं म्हणजे सोलापूरच्या नवी पेठेमागच्या गल्लीतलं, कडुलिंबाखालचं सिमेंटचं बाकडं. कुणीतरी कुणाच्या तरी आठवणीसाठी दिलेलं. पाठीवरचं नाव पुसून गेलंय. पुढचं 'कै.' आणि मागचं 'यांच्या स्मरणार्थ' तेवढं शाबूत आहे.

त्यावर आम्ही तिघं बसायचो. अण्णांचं पेठेत कापडाचं दुकान. मुलांनी कारभार हातात घेतला आणि अण्णा संध्याकाळचे मोकळे झाले. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही. तात्या मूळचे इथल्याच रेल्वेलाइनवरच्या जेऊर गावचे, रेल्वेत गार्ड होते. तिसरा मी. भूगोलाचा प्राध्यापक, पीएच.डी. वगैरे, आणि घरातून निघताना कुलूप ओढून पाहिल्यावर परत येऊन पुन्हा ओढून पाहणारा माणूस.

माझी मुलगी वृंदा जर्मनीतल्या एका लहान खेड्यात राहते. नवरा, मार्टिन, त्याच गावचा. माझी पत्नी गेल्यानंतर दोन उन्हाळे मी तिथं राहून आलो. आमच्या बाकड्यावर राजकारणापेक्षा जास्त चर्चा त्या गावाची व्हायची. आता वृंदा म्हणते, "बाबा, कायमचेच या. खालची खोली तयार आहे. दिवाळीच्या आत सांगा, म्हणजे कागदपत्रांना लागता येईल."

मी आयुष्यभर वर्गात प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या. मुलांना ते आवडायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू मांडून होतात आणि मी मधे उभा राहतो.

*

त्या गावाचं नाव एवढं लांब आहे की मला स्वतःला एका दमात म्हणता येत नाही. पहिल्या वेळी परत आलो तेव्हा तात्यांनी विचारलं, "गाव हाय कसलं पण?"

मी सांगितलं. नदीच्या वळणात बसलेलं, भोवती शेती, एक छोटं रेल्वे स्टेशन. मोठ्या गाड्या थांबत नाहीत. तरणी मुलं शहरात गेलेली, म्हातारी माणसं गावात.

तात्या म्हणाले, "मग जेऊरच की! येवढं विमानानं कशाला गेला? मी पॅसेंजरनं नेलं असतं!"

तेव्हापासून ते 'जर्मन जेऊर' झालं. वृंदासुद्धा फोनवर म्हणायला लागली, "बाबा, जर्मन जेऊरला आज बर्फ पडलाय."

*

तिथल्या डोंगराखाली फार जुना, विझलेला ज्वालामुखी आहे. त्याचा काळा दगड काढून गावाचं चर्च बांधलंय. पहिल्या दिवशी मी त्या भिंतीवर हात ठेवला आणि ओळख पटली. बेसाल्ट! आपल्या पायाखाली आहे तोच, वयानं लहान. परक्या देशात पहिला ओळखीचा भेटला तो दगड.

हे सगळं मी बाकड्यावर फार रंगून सांगितलं. लाव्हा कसा पसरला, थर कसे बसले. वर्गात सांगायचो तसं. मधे थोडी शंका आली की हे कंटाळले असतील, पण थांबता येईना.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, दगड तोच म्हणताय. मग त्यात ज्वारी येती का?"

"नाही. तिथं राय म्हणून एक धान्य पिकतं. गहू पिकतो."

"ज्वारी न्हाई?" अण्णांनी मान हलवली. "मग तो दगड शिकलेला न्हाई, बगा."

*

वृंदाचं घर खूप जुनं आहे. लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या तुळयांचा सांगाडा, मधल्या चौकोनांत काटक्यांची वीण आणि वरून माती-भुश्याचं लिंपण. दारावरच्या तुळईत बांधणाऱ्या नवराबायकोची नावं कोरलेली, आणि खाली प्रार्थना, की देवा, या घराला आगीपासून सांभाळ. जुन्या कुठल्याशा लढाईत सैन्यानं गाव जाळलं होतं. त्यानंतर बांधलेलं हे घर. सरकारनं वारसा म्हणून नोंदवलंय. खिडकी बदलायची तरी परवानगी लागते.

मी फोनमधला फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला. मग फोन तात्यांकडे दिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सर," तात्या हळू आवाजात म्हणाले, "ह्ये कुडाचं घर हाय."

"हो. एका अर्थी कुडाचंच."

"पोरगी इतकी शिकली. इंजिनेर झाली. आन कुडात ऱ्हाती?"

"तात्या, तो वारसा आहे. पाडायला बंदी आहे."

"आमच्या आयनं कुड पाडून स्लॅब पडावा म्हणून देवाला नवस केला हुता," तात्या म्हणाले. "तितं असती तर पोलिसांनी धरून नेली असती!"

*

त्या घरात माझ्या पत्नीचा फोटो लावायचा होता. मी सोलापुरातून फ्रेम करून, कपड्यांत गुंडाळून नेला होता. मार्टिननं हातोडी घेतली, तुळईकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. जुन्या लाकडात खिळा मारावा की नाही, याची त्याला शंका. मला तर शंका आवडतातच! दोघांनी मिळून खिळा मारायचा नाही असं ठरवलं.

मग फोटो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला.

समोरच्या घरात हेल्गाबाई राहतात. नवरा वारलेला, मुलगा परगावी. रोज सकाळी पाव आणायला जाताना त्या खिडकीशी थांबायच्या आणि फोटोकडे बघून "मॉर्गेन!", म्हणजे सुप्रभात, म्हणायच्या. येताना पुन्हा. मला वाटलं त्यांना नीट दिसत नसेल. वृंदा म्हणाली, "बाबा, त्यांना स्वच्छ दिसतं. आई नाही हेही माहीत आहे."

हे मी बाकड्यावर सांगितलं. तात्या पायातल्या चपलेकडे बघायला लागले.

अण्णा म्हणाले, "म्हंजे वैनींना जर्मन याला लागली की! तुमालाच येत न्हाई!"

*

गावाच्या मधोमध दगडी भट्टीघर आहे. पूर्वी घरोघर चुली होत्या, पण आगीच्या भीतीनं पाव भाजायची भट्टी गावाला मिळून एकच. आजही शनिवारी ती पेटवतात. आपापलं पीठ घेऊन लोक येतात आणि नंबर लावून उभे राहतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी कडक भाकऱ्यांचं पुडकं आणि शेंगाची चटणी घेऊन गेलो. शनिवारी भट्टीघरात नेऊन ठेवली. हेल्गाबाईंनी भाकरी उचलली, बोटानं वाजवली आणि कानाशी नेली.

"किती दिवस टिकते?" त्यांनी वृंदामार्फत विचारलं.

"महिना सहज."

भाकरी सगळ्यांच्या हातांतून फिरली. जुन्या शाळेत गावाचं एक छोटं संग्रहालय आहे. त्यात युद्धकाळातला वाळलेला पावाचा तुकडा काचेखाली ठेवलाय. हेल्गाबाईंनी चार तुकडे चटणीबरोबर खाल्ले आणि एक अख्खी भाकरी नेऊन त्या पावाशेजारी ठेवली. खाली चिठ्ठी लावली, 'सोलापूर, भारत.' मला संकोच वाटला. कुठं तो इतिहास आणि कुठं आपली बाजारातून आणलेली भाकरी!

मी परत आल्यावर मार्टिनचा फोन आला. उंदरानं भाकरी खाल्ली. पावाला तोंडही लावलं नव्हतं.

"बगा," तात्या म्हणाले, "येवढ्या गावात त्यालाच कळलं."

*

चर्चभोवती गावाची स्मशानभूमी आहे. बागेसारखी. हेल्गाबाईंनी मला नवऱ्याची कबर दाखवायला नेलं. दगडावर त्यांचं नाव, जन्म आणि मृत्यूचं साल. शेजारी हेल्गाबाईंचं स्वतःचं नाव, जन्माचं साल, मग एक आडवी रेघ. पुढं कोरा दगड. त्यांनी तो रुमालानं पुसला आणि झारीनं फुलांना पाणी घातलं.

"म्हंजे आरएसी!" तात्या म्हणाले. "डब्यात जागा हाय, बर्थ कन्फर्म व्हायचाय."

आम्ही हसलो. मग मी, उगाचच, म्हणालो की तिथं कायमचा गेलो तर माझं काय करतील कोण जाणे. एकटाच त्या दगडांत पडून राहीन.

अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला पुरताना झोपवत नाहीत, बसवतात.

"सर, तुमी कुटंबी झोपा," ते म्हणाले. "मी बसलेलाच असणार. गप्पा माराच्या असल्या तर या."

*

आता बाकड्याचा किस्सा. हा अण्णांना सगळ्यात आवडायचा. पाहुणा आला की मला सांगायला लावायचे.

वृंदाच्या घरासमोर, लिंडनच्या झाडाखाली, एक सुंदर लाकडी बाकडं आहे. पाठीशी खांब, खांबाला काही पाट्या. जर्मन जेऊरला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी, आपल्या बाकड्याच्या वेळेला, मी तिथं जाऊन बसलो. चर्च दिसत होतं. नदीवरून वारा येत होता.

एक गाडी थांबली. आतल्या गृहस्थांनी हसून दार उघडलं. मला वाटलं, परगावचा माणूस बघून चहाला बोलावतायत. नाही म्हणणं बरं दिसेना. बसलो. त्यांनी पुढच्या गावात एका सुपरमार्केटसमोर उतरवलं, हात हलवला आणि निघून गेले!

मी ट्रॉल्यांशेजारी उभा. वृंदाला फोन केला. ती मीटिंगमध्ये. मार्टिन येऊन घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. एक बाई थांबल्या. मी हातानं नको नको म्हटलं, तर त्या खाली उतरून मला धरून गाडीकडे न्यायला लागल्या. म्हातारा लाजतोय असं त्यांना वाटलं असावं. पुन्हा सुपरमार्केट!

त्या रात्री जेवताना वृंदा हसून हसून लाल झाली. गावाची बस बंद झालीय. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी त्या बाकड्यावर बसायचं आणि जाणाऱ्यानं त्यांना न्यायचं, अशी गावानं सोय केलीय. पाट्यांवर पुढच्या गावांची नावं आहेत. तिथं बसणं म्हणजेच 'मला घेऊन जा' म्हणणं.

"मग नुसतं बसायचं असेल तर?" मी विचारलं.

वृंदानं मार्टिनला विचारलं. मार्टिननं विचार केला. "तर घरी," तो म्हणाला.

मी हे सांगून संपवलं की अण्णा वळून आमच्या बाकड्याच्या पाठीवर हात मारायचे. "आपल्यालाबी पाटी हाय की! वाचा! कै.! गाडी कुटं जाती ते लिवलंय. घाई कुनाला हाय?"

*

यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि अण्णा गेले. आजार नाही, काही नाही. दुपारी दुकानात गादीवर बसले होते ते तसेच. त्यांना शेवटचं नेलं तेही बसवूनच. कपाळाला विभूती, डोळे मिटलेले. कुणाचा तरी किस्सा ऐकत असल्यासारखे.

उन्हाळ्यात तात्यांचे गुडघे गेले. मुलानं त्यांना जेऊरला नेलं. खऱ्या जेऊरला. निघताना म्हणाले, "सर, तुमी जर्मन जेऊरला जावा, मी हितल्याला जातो. दोन्हीकडं मोठी गाडी थांबत न्हाय."

वृंदाचा रोज संध्याकाळी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला. "बाबा, बाकड्यावर एकटेच?" मी म्हणतो, हो. मग ती खालच्या खोलीचा विषय काढते.

*

परवाचीच गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, पेठेत ही गर्दी, आणि गल्लीत कुणी नाही. त्या दिवशी वृंदाला उत्तर द्यायचं होतं. मी बाकड्याच्या माझ्या टोकाला बसलो होतो. का कुणास ठाऊक, मी अजून टोकालाच बसतो. मांडीवर फोन. 'येतो' म्हणायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत येईतो शंका आली होती.

एक रिक्षा गेली, पुढं जाऊन थांबली, मागं आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, अनोळखी. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"काका, कुटं सोडू?"

"कुठं नाही," मी म्हणालो. "नुसता बसलोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि गळ्यातल्या रुमालानं सिमेंट झटकलं.

"सकाळधरनं फिरतोय," तो म्हणाला. "सरका की जरा."

मी टोकालाच होतो, तरी सरकलो. तो अण्णांच्या जागेवर बसला, पाय लांब केले आणि चपला काढल्या.

फोन वाजला. मला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवरच असतो.

"बाबा, बाकड्यावर एकटेच?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "न्हाय ओ ताई, दोघं हाय की!"

मग वृंदा म्हणाली, "बाबा, कोण आहे?"

मला त्याचं नावही माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो वर कडुलिंबाकडे बघत होता.

"बसायला आलेत," मी म्हणालो.