उगमावर विचारलेला प्रश्न

झऱ्याच्या दगडी तोटीखाली मी आधी माझी बाटली भरली, मग आजींची भरून दिली. आजी म्हणजे मंडळातल्या वहिनींच्या सासूबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. न्युरेम्बर्गजवळच्या एका छोट्या नदीच्या उगमापासून खालच्या जुन्या गिरणीपर्यंत चालायचं, अशी आमच्या मराठी मंडळाची सहल. नकाशा माझा. कोणी काय आणायचं ती यादीही माझी.

"गाव कुठलं गं तुझं?"

सांगितलं.

"अगंबाई, माझं माहेर तिथलंच की! नदीच्या कुठल्या अंगाला घर?"

"खालच्या."

एवढंच. आमच्या गावात वर देवळाचा घाट, त्याखाली गावाचं पिण्याचं पाणी, मग गुरं, मग धुणी. त्याच्याही खाली आम्ही. जात वेगळी विचारावी लागत नाही.

आजींनी बाटली उलटी केली. पाणी गवतात ओतलं. तीनदा विसळली आणि स्वतः भरली.

वहिनी हसत म्हणाल्या, "अहो, जुनी माणसं. मनावर घेऊ नका."

माझ्या दहा वर्षांच्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं, पाणी घाण होतं का?

"नाही," मी म्हणाले.

नकाशा घेऊन पुढे चालत राहिले. ही नदी सुरुवातीला दोन ढांगांत ओलांडता येते. आधी झाडी, मग मक्याची शेतं, मग कार्प माशांची तळी. एका शेतात ट्रॅक्टरने गुले, म्हणजे शेणमुताचं पातळ खत, पसरवणं चाललं होतं. पाऊस आला की ते नदीत उतरणार. खाली अजून दोन गावं होती. तिथे नदीकाठी कोण राहतं? इतकी वर्षं इथे राहून हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. आता कुठल्याच नदीवर माझा विश्वास नाही.

गिरणीपाशी डबे उघडले. वहिनींनी विचारलं, "कचऱ्याच्या पिशव्या तुमच्याकडेच ना?"

फोनवर यादी उघडली. माझ्या नावापुढे पिशव्या, कागदी ताटं. मागच्या सहलीची उघडली. ताटं, टिश्यू. त्याआधीची. सीलबंद पाण्याचे क्रेट. सात सहली झाल्या, एकदाही पदार्थ नाही. दर वेळी वहिनींचा फोन यायचा, "जेवणाचं आम्ही बघतो हो, तुम्ही बाकीचं बघा. तुम्ही किती ऑर्गनाइझ्ड!" मला ते कौतुक वाटायचं. आडनावावरून त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. आणि याद्या टाइप कोणी केल्या? मीच. रकाने आखून, नीट, खालची जागा मीच स्वतःला दिली होती.

लाज वाटली. मग राग आला.

पिशव्या बाहेर काढल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आज आपापला कचरा आपापल्या घरी. आणि बाटली का विसळली, ते आजी माझ्या मुलीला सांगतील."

"अहो, सहलीत कशाला हे? इथे?" वहिनी.

"पाणी इथेच ओतलं ना?"

आजी डब्यात बघत राहिल्या. शेवटी परतीच्या ट्रेनमध्ये मीच मुलीला सांगितलं. कागदावर आमच्या गावची नदी काढली. कोण कुठे पाणी भरायचं ते जातींच्या नावांसकट लिहिलं.

पुढच्या सहलीची यादी काल ग्रुपवर टाकली. पहिलं नाव माझं. त्यापुढे पिठलं-भाकरी, तीस माणसांची. शेवटी एक नवा रकाना: 'जेवणार नाही. कारण.' कारण लिहावंच लागेल.

लिहा. मी वाचीन. मुलीलाही वाचून दाखवीन.